गोवारी कोण, हे ठरवायचं कुणी?

दरवर्षी २३ नोव्हेंबरला नागपुरातल्या झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकाकडे सकाळपासून गोवारी समाजाची, म्हणजे विदर्भातल्या पिढीजात गुराख्यांची, माणसं येऊ लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ इथले, आणि नागपूर जिल्ह्यातलेच उमरेड, कुही, भिवापूरकडचे. कुणी एसटीनं येतं, कुणी गावातून ठरवून आणलेल्या गाडीनं. हातात फुलं असतात, काही म्हाताऱ्या बायकांच्या पिशवीत फ्रेम केलेला फोटो असतो. शेजारून मेट्रो जाते, उड्डाणपुलावरून गाड्या धावत असतात. त्या पुलाचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. ऑटोवाल्याला सांगताना मात्र सगळे 'बर्डीचा पूल' म्हणतात.

पुलाच्या नावात 'आदिवासी' आहे, स्मारकाच्या नावातही आहे. पण ज्या यादीत नाव असलं तरच सरकारदरबारी माणूस आदिवासी ठरतो, त्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोवारी नाहीत, असं आजचा कायदा सांगतो. शहरानं ज्यांना आदिवासी म्हणून हात जोडले, त्यांनाच दाखला मागायला गेल्यावर नाही म्हटलं जातं. ही गोष्ट मला गेली कित्येक वर्षं छळते आहे.

मी गोवारी नाही. नागपुरात वाढले, इथेच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. १९९४ च्या त्या दिवशी मी बीएला होते. हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे हे नागपूरकरांच्या सवयीचंच झालेलं असतं. कोणता रस्ता बंद आहे एवढं विचारून आम्ही पुढे जातो. गोवारींचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवला होता. हजारो माणसं, त्यात लेकुरवाळ्या बायका खूप. आपलं म्हणणं ऐकायला सरकारकडून कुणीतरी येईल म्हणून दिवसभर वाट पाहत बसलेली. संध्याकाळी गर्दी हलली, लाठीमार झाला, एका बाजूला कठडे आणि दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि त्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. मेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. वडील दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून स्कूटरनं आले आणि घरी काही न बोलता आंघोळीला गेले. नंतर आईला एवढंच म्हणाले, "शिदोरीची फडकी तशीच पडली आहेत गं."

आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगानं कुणालाच जबाबदार धरलं नाही. १९९५ मध्ये राज्यानं गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातलं, २ टक्के आरक्षणाच्या त्या प्रवर्गात आणखीही जाती होत्या. त्या लोकांनी मागितलं होतं वेगळंच. आम्ही जे आहोत ते लिहा, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

आता ही मागणी नेमकी काय, ते सांगते, कारण मोर्चा आठवणाऱ्या नागपूरकरांनाही ती पूर्ण ठाऊक नसते. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती अनुसूचित जमातींची यादी जाहीर करतात. पहिली यादी १९५० ची. १९५६ च्या यादीत 'गोंड गोवारी' हे नाव आलं. १९७६ च्या कायद्यानं याद्यांची फेरमांडणी झाली, त्यात महाराष्ट्राच्या यादीत १८ व्या क्रमांकाला गोंड आणि त्याखाली बऱ्याच जमातींची नावं आहेत. गोंड गोवारी तिथेच आहे. विदर्भातल्या गोवारींचं म्हणणं असं की हे आमचंच नाव आहे, गोंड गोवारी म्हणून आमच्याहून निराळी माणसं कुठे राहतात ते दाखवा. राज्य सरकारनं २४ एप्रिल १९८५ ला आदेश काढून सांगितलं की गोवारी वेगळे आणि गोंड गोवारी वेगळे, नुसत्या नावाच्या साधर्म्यावर दाखले देऊ नका. नऊ वर्षांनी जो मोर्चा टी पॉइंटवर थांबवला गेला, त्याच्या मुळाशी हा आदेश आहे.

इंग्रजांच्या काळात, १९१६ मध्ये, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे खंड लिहिले, त्यांत गोवारींच्या पोटभेदांमध्ये गोंड गोवारींचाही उल्लेख आहे. शंभर वर्षांनंतर दोन्ही बाजूंचे वकील तीच पानं घेऊन न्यायालयात उभे राहिले. गुराख्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या जगण्याचा निकाल एका साहेबानं केलेल्या टिपणावर येऊन टेकावा, हे मला आजही पचत नाही. पण गोवारींजवळ दुसरं काय होतं? त्यांच्या घरात कागद नव्हता.

कागद का नव्हता, हे मला एका विद्यार्थिनीच्या फाइलमुळे नीट कळलं. भिवापूरकडची मुलगी. अकरावीला असतानाच तिचे वडील मला भेटायला आले, कारण व्हॅलिडिटीचं, म्हणजे दाखल्याच्या पडताळणीचं, काम लवकर सुरू केलेलं बरं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या झेरॉक्स होत्या. जमातीचा दाखला पडताळायचा तर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो आणि तो जितका जुना तितका भारी. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली नोंद, कोतवाल पंजीतली, म्हणजे गावच्या कोतवालानं ठेवलेल्या वहीतली, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा जुना अभिलेख. या घराला जमीनच नव्हती, त्यामुळे शेवटचा प्रकार बाद. आजोबांनी गावची गुरं राखली. दर जनावरामागे वर्षाला ठरलेलं पायलीनं धान मिळायचं, त्यावर घर चालायचं. पहाटे आखरावर गावची गुरं गोळा करायची आणि दिवेलागणीला परत आणायची, असा ज्याचा दिवस, तो शाळेत कधी जाणार?

"मॅडम, आमच्या आज्यानं शाळाच पाह्यली नाई, त रजिस्टरात नाव कुठून येईन?" वडील म्हणाले.

मिळाली ती एकच नोंद, कोतवाल पंजीतली, पणजोबांच्या एका मुलाच्या मृत्यूची. मूल दीड महिन्याचं. कारणाच्या रकान्यात 'ताप', जातीच्या रकान्यात 'गोवारी'. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली, शाई पसरलेली, पण ते एवढं स्पष्ट वाचता येत होतं. त्या घरातलं सर्वांत जुनं लिखित अक्षर म्हणजे एका तान्ह्या मुलाचं मरण, आणि त्यावरच आता पणतीचं शिक्षण अवलंबून होतं. आणि तिथे 'गोवारी' लिहिलं असल्यामुळे ते उपयोगाचं नव्हतं. कोतवालानं गावात सगळे म्हणतात तेच लिहिलं होतं. पुढे कधीतरी यादीत 'गोंड गोवारी' असं येणार आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

कागदाबरोबर आणखी एक परीक्षा असते. पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येतं, कुळाचार विचारतं: देव कोणता, लग्नात काय करता, मेल्यावर काय करता, सण कसे पाळता. जमातीशी आप्तभाव आहे का, ते त्यावरून पाहायचं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही आप्तभावाची चाचणी काही अंतिम कसोटी मानता येणार नाही. माणसं शहरात गेली, शिकली, म्हणजे चालीरीती बदलणारच. हे ऐकून मला बरं वाटलं. तरी घरात येऊन प्रश्न विचारले जातात तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या मनातली धाकधूक जात नाही. या मुलीच्या आजीला मी भेटले आहे. ती ढालपूजेबद्दल सांगायला लागली की थांबत नाही. बांबूला कापड गुंडाळून, मोरपिसं लावून ढाल सजवतात, ती पूर्वजांची. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असतं, त्या दिवशी गाई सजवून गावातून नेतात, शेणाचा गोवर्धन करून त्यावरून गाय चालवतात, डफाच्या तालावर पुरुष नाचतात, ढाल घरोघर जाते. आजीचे हात बोलता बोलता आपोआप ताल धरतात. पण "साहेबानं विचारलं तर हेच सांगाल ना?" असं सुनेनं म्हटलं, की ती एकदम सावध होते आणि शब्द जुळवायला लागते. आपल्याच देवाबद्दल बोलताना चुकलं तर काय, ही भीती त्या वयाच्या बाईला वाटावी, यासाठी कुणाला तरी लाज वाटली पाहिजे.

१४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की गोंड गोवारी नावाची निराळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झाली होती, म्हणजे १९५६ मध्ये यादीत ते नाव घातलं ते गोवारींनाच उद्देशून असलं पाहिजे. याला जुना आधारही होता. १९६४ मध्ये बसवलिंगप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं, यादीतल्या 'भोवी' या नावाची जात म्हैसूर संस्थानात सापडतच नाही म्हणून, ते नाव नक्की कुणाचं हे पुरावा घेऊन ठरवू दिलं होतं. त्या ऑगस्टमध्ये नागपुरात गुलाल उधळला गेला. पुढच्या दोन वर्षांत मुलांना प्रवेश मिळाले, काहींना नोकऱ्या लागल्या.

राज्य सरकार अपिलात गेलं. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. गोंड गोवारी नामशेष झाले हा निष्कर्षच त्यानं मान्य केला नाही. यादी जशी आहे तशीच वाचायची, तीत भर घालण्याचा किंवा काही वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला, न्यायालयाला नाही. दरम्यानच्या काळात झालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या अबाधित ठेवल्या. म्हणजे एका घरात मोठा भाऊ अनुसूचित जमातीच्या जागेवर शिकलेला आणि धाकट्या बहिणीला तोच दाखला नाही, अशी घरं झाली. माझी विद्यार्थिनी त्या धाकट्यांतली. तिचा चुलतभाऊ २०१९ मध्ये इंजिनिअरिंगला लागला. तारखेच्या अलीकडे तो, पलीकडे ही.

नागपूरकरांना यात नवीन काही नाही. इतवारी, गोळीबार चौक, तांडापेठेतल्या हलबांचं हेच झालं. 'मिलिंद' खटल्यात २८ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हलबा-कोष्टी म्हणजे जमातींच्या यादीतले हलबा नव्हेत. त्यानंतर कितीतरी घरांवर नोकरीची टांगती तलवार आली, आणि २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयानं दाखले अवैध ठरलेल्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा तात्पुरत्या पदांवर, अकरा-अकरा महिन्यांच्या मुदतीवर टाकलं. वीस-पंचवीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला अकरा महिने संपत आले की जीव मुठीत धरून आदेशाची वाट पाहायला लागली. याच्या उलट माना जमातीचं. त्यांचं नाव त्याच १८ व्या क्रमांकात, गोंडांच्या खाली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की माना ही गोंडांची उपजमात नाही, ती स्वतंत्र जमात आहे. ते तरले. माना आणि गोंड गोवारी, एकाच नोंदीतल्या या दोन नावांचं नशीब असं दोन दिशांना गेलं.

गोवारींच्या दुःखाला वाट करून देताना गोंडांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारं लिखाण मी पुष्कळ वाचलं आहे, आणि ते मला पटत नाही. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास वसवलं. त्या शहरात आज गोंड किती दिसतात, कुठे राहतात, काय काम करतात, ते बघा. माझे एक सहकारी गोंड आहेत, गडचिरोलीकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांच्या तरुणपणी ज्या जागांवर त्यांच्या गावची मुलं बसायची, त्या जागांवर खोटे दाखले घेऊन भलतेच लोक बसलेले त्यांनी पाहिले आहेत. त्यासाठीच १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी समित्या सक्तीच्या केल्या, राज्यानं पुढे कायदा केला, आणि २०१७ मध्ये बहिरा खटल्यात खोट्या दाखल्यावर मिळालेली नोकरी टिकणार नाही असं ठरलं. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. त्यात आणखी एक मोठा समाज आणून बसवला आणि ७ चे ७ च ठेवले, तर पहिला फटका माडिया, कोलाम, कातकरी यांच्या मुलांना बसणार, हे उघड आहे. या भीतीला स्वार्थ म्हणणं अन्याय आहे.

या वादात 'लोकूर समितीच्या कसोट्या' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. १९६५ मध्ये बी. एन. लोकूर यांच्या समितीनं जमात ओळखायच्या खुणा सांगितल्या: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, इतरांशी संपर्क टाळणारा बुजरेपणा आणि मागासलेपण. बुजरेपणाबद्दल मी पुष्कळदा विचार करते. जो समाज आपल्या हक्कासाठी मुलं कडेवर घेऊन विधानभवनावर चालून आला, त्याला आता बुजरे नाहीत म्हणून नापास करायचं का? आणि न येता रानातच राहिले असते तर त्यांचं ऐकायला कोण गेलं असतं? साठ वर्षांपूर्वीच्या या कसोट्या आज माणसाला हक्क मागण्यापासूनच परावृत्त करतात. त्या बदलल्या पाहिजेत, हे मी अगदी ठामपणे म्हणते.

शिक्षण आणि नोकरीपलीकडेही या दाखल्यावर बरंच काही अडलेलं आहे. गुरं चारणाऱ्यांचा जंगलाशी रोजचा संबंध. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचं वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं. इतर पारंपरिक वननिवासी म्हणून अर्ज करणाऱ्याला त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. ज्याच्या आज्यानं शाळा पाहिली नाही, जमिनीचा तुकडा नावावर नाही, त्यानं ७५ वर्षं सिद्ध कशी करायची? पुन्हा गाडी त्याच कोतवाल पंजीवर येऊन थांबते.

माझा मुख्य राग कुठे आहे, तो आता सांगते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, यादी बदलायची तर संसदेनं बदलावी. कायद्यानं ते बरोबरच आहे. पण संसदेपर्यंतची वाट कुठून जाते? १९९९ पासूनची कार्यपद्धती अशी की आधी राज्य सरकारनं शिफारस करायची. मग भारताचे महानिबंधक तपासणार, मग राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग, मग केंद्रीय मंत्रिमंडळ, आणि मग विधेयक. पहिलं दार राज्याचं आहे. ज्या राज्यानं १९८५ चा आदेश काढला, ज्याच्या विधानभवनासमोर ११४ माणसं गेली, ज्यानं त्यांच्या स्मारकाला आदिवासी हे नाव लागू दिलं, आणि जे २०१८ चा निकाल रद्द करून घ्यायला दिल्लीला गेलं, त्याच राज्यानं आता शिफारस करायची आहे. २०२४ च्या सुरुवातीला गोवारी तरुण संविधान चौकात उपोषणाला बसले होते. ते विधानभवनाच्या जवळच बसले होते, कारण जायला दुसरी जागा त्यांना कुणी ठेवलेलीच नाही.

राज्यानं एकदा स्पष्ट बोलावं. गोवारी हे जमात आहेत असं वाटत असेल तर पूर्ण अभ्यासासह शिफारस पाठवावी, तो अभ्यास मराठीत छापून गावोगाव ठेवावा, आणि ७ टक्क्यांत कुणाला ढकलाढकली करायला लावण्याऐवजी त्या समाजाची लोकसंख्या धरून वाटा वाढवून मागावा. वाटत नसेल तर तसं कारणांसकट लिहून द्यावं, म्हणजे आणखी एक पिढी याच्यावर आशा लावून बसणार नाही. दर निवडणुकीला व्यासपीठावरून 'तुमच्या पाठीशी आहोत' म्हणायचं आणि न्यायालयात विरुद्ध बाजूला उभं राहायचं, हे तीस वर्षं चाललं आहे. ते थांबायला हवं.

माझ्या विद्यार्थिनीचा अर्ज शेवटी विशेष मागास प्रवर्गातून भरला. तिला नर्सिंगला जायचं आहे आणि तेवढे गुण तिला पडतील. तिचे वडील आणि माझे गोंड सहकारी त्या दिवशी स्टाफरूममध्ये योगायोगानं एकत्र आले. ओळख झाली, गाव कोणतं, सोयरीक कुठे, असं बोलणं झालं. दोघांच्या मामांची गावं एकमेकांना लागून निघाली. चहा पिताना विषय निघालाच. सहकाऱ्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आमच्या पोरांच्या जागा कमी होणार असतील तर मी विरोधच करणार. तिचे वडील म्हणाले, "तुमच्या पोराचं काढून माह्या पोरीले द्या, असं मी कधी म्हनलं जी? सरकारनं आपल्या दोघाइलेबी बोलवावं. पन वाटा वाढवून बोलवावं." सहकारी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "असं बोलावलं तर मी येतो."